आरसी गाडी अडखळते किंवा मध्येच थांबते: ईएससी बदलण्याआधी करायच्या तपासण्या

लक्षणे

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीत पुढीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी पुन्हा पुन्हा घडत असतील, तर खालच्या तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात.

- गाडी सुरू होताना जागच्या जागी थरथरते, खडखडते आणि हाताने थोडी ढकलली की पळू लागते.
- काही मिनिटे व्यवस्थित पळून एकदम मंदावते किंवा थांबते, आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते.
- ट्रिगर जोरात ओढला की स्टीअरिंगसकट सगळेच बंद पडते आणि क्षणभराने परत येते.
- स्विच चालू करताच, ट्रिगरला हात न लावता, चाके हळूहळू फिरू लागतात.
- ब्रेक लागतो, पण गाडी मागे जात नाही.
- मोटरमधून सतत बीप येत राहते आणि गाडी हालत नाही.
- दुपारी तीन-चार वेळा थांबणारी गाडी त्याच दिवशी संध्याकाळी विनातक्रार पळते.

परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातून ‘ईएससी गेला’ असे सांगून ज्या गाड्या माझ्यासमोर येतात, त्यांत खरोखर जळालेला ईएससी क्वचितच निघतो. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा हा डबा बहुतेक वेळा आपले काम चोख करत असतो. बॅटरीचा दाब (व्होल्टेज) उतरला, डबा स्वतः तापला किंवा रिमोटकडून आलेला संकेत त्याला उमगला नाही, तर मोटरचा पुरवठा तोडणे हेच त्याला शिकवलेले असते. हे थांबणे म्हणजे बिघाड समजून नवा ईएससी मागवला, तर तोही त्याच जागी, त्याच मिनिटाला थांबतो.

थांबलेली गाडी उचलण्याआधी

गाडी थांबली की लगेच उचलू नये. आधी रिमोटचे चाक डावीउजवीकडे फिरवून पुढची चाके वळतात का, हे पाहावे. या एका प्रश्नाने अर्धे काम होते. ईएससीच्या आतच बीईसी नावाचा एक लहान भाग असतो. तो बॅटरीचा दाब ५ किंवा ६ व्होल्टपर्यंत उतरवून रिसीव्हर (रिमोटचा संकेत पकडणारा भाग) आणि स्टीअरिंगचा सर्वो (चाके वळवणारी छोटी मोटर) या दोघांना पुरवतो. मोटर थांबली असूनही स्टीअरिंग चालत असेल, तर रिमोट, रिसीव्हर, बीईसी आणि मुख्य कनेक्टर सगळे जिवंत आहेत. दोष बॅटरीच्या ताकदीत, उष्णतेत, मोटरमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. स्टीअरिंगही मेले असेल, तर वीज मुळातच तुटली आहे किंवा रिसीव्हरपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. अशा वेळी कनेक्टर, स्विच आणि बीईसी यांच्याकडे वळायचे.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. ट्रिगर सोडून काही सेकंद थांबल्यावर गाडी पुन्हा चालत असेल, तर बहुधा बॅटरीचा दाब उतरत आहे, कारण भार गेला की दाब लगेच वर येतो. दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागत असेल, तर कारण उष्णता आहे, कारण तापलेले अ‍ॅल्युमिनियम तितक्या लवकर निवत नाही. ईएससीवरचा दिवा थांबतेवेळी कोणत्या रंगात आणि किती वेळा लुकलुकतो हेही मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते आणि ती त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

यापुढची प्रत्येक तपासणी गाडी विटेवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून, चारही चाके अधांतरी ठेवूनच करावी. ब्रशलेस (आत ब्रश नसलेल्या, तीन तारांच्या) मोटरची गाडी टेबलावरून सुटली तर ती पकडता येत नाही, आणि फिरणाऱ्या स्पर गिअरमध्ये, म्हणजे मोटर ज्याला फिरवते त्या मोठ्या दातेरी चाकात, बोट गेले तर ते फाटतेच.

पैसे आणि हत्यार न लागणाऱ्या गोष्टी

सुरू करताना आधी रिमोट आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा क्रम पाळला जातो का ते प्रथम पाहावे. स्विच चालू होताच ईएससी रिसीव्हरकडून येणाऱ्या संकेताची वाट पाहतो. बरेच साधे ईएससी त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत मिळालेल्या संकेतालाच न्यूट्रल, म्हणजे ट्रिगर मोकळा असल्याची स्थिती, मानतात. त्या वेळी ट्रिगरवर बोट असले किंवा रिमोट बंद असला, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

त्यानंतर रिमोटवरचे थ्रॉटल ट्रिम, म्हणजे न्यूट्रल किंचित मागेपुढे सरकवणारे बटण, पाहावे. रिसीव्हर ईएससीला सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा स्पंद पाठवतो. त्याची लांबी सुमारे १.५ मिलिसेकंद असेल तर न्यूट्रल, २ च्या जवळ गेली तर एका दिशेला पूर्ण वेग आणि १ च्या जवळ आली तर पूर्ण ब्रेक किंवा रिव्हर्स. खिशात किंवा पिशवीत ठेवताना ट्रिमचे बटण दाबले जाते, १.५ चे १.५४ होतात आणि चाके आपोआप सरकू लागतात. उलट दिशेला सरकले तर ईएससीला तो हलका ब्रेक वाटतो, गाडी जड चालते आणि मोटर विनाकारण तापते. ट्रिम शून्यावर आणावे आणि थ्रॉटलची दोन्ही टोके, म्हणजे ईपीए, १०० टक्क्यांवर ठेवावीत.

मगच कॅलिब्रेशन करावे. कोणत्या स्पंदाला न्यूट्रल, कोणत्याला पूर्ण वेग आणि कोणत्याला पूर्ण ब्रेक म्हणायचे हे ईएससीला नव्याने शिकवणे, इतकाच त्याचा अर्थ आहे. रिमोट बदलला, रिसीव्हर बदलला किंवा ट्रिममध्ये फेरफार केला की ते पुन्हा करावेच लागते. सेटचे बटण असलेल्या ईएससीत सामान्यतः बटण दाबून धरून वीज चालू करतात, दिवा लुकलुकू लागला की बटण सोडतात, आणि मग ट्रिगर मोकळा ठेवून एकदा, पुढे पूर्ण ओढून एकदा व मागे पूर्ण ढकलून एकदा बटण दाबतात. प्रत्येक टप्पा नोंदला गेल्याची बीप येते. एखादा टप्पा नोंदलाच जात नसेल, तर रिमोटवरची थ्रॉटलची दिशा उलटी आहे का ते पाहावे. फुटाबाच्या रिमोटवर थ्रॉटल चॅनल बहुधा रिव्हर्स करावाच लागतो. पुढे ओढल्यावर ब्रेक आणि मागे ढकलल्यावर वेग मिळत असेल, तर तेही रिमोटवरच्या याच दिशेच्या सेटिंगचे काम आहे.

‘रिव्हर्स गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा तक्रारच नसते. पुढे-ब्रेक-मागे या पद्धतीत ट्रिगर पहिल्यांदा मागे ढकलला की फक्त ब्रेक लागतो. तो न्यूट्रलला आणून दुसऱ्यांदा ढकलल्यावरच रिव्हर्स मिळतो. पळत्या गाडीचे गिअर मोडू नयेत म्हणून ही सोय आहे. दोनदा ढकलूनही गाडी मागे जात नसेल, तर ईएससी ‘फक्त पुढे आणि ब्रेक’ या शर्यतीच्या पद्धतीवर ठेवलेला असतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक स्वतंत्र सूचना द्यावी लागते, कारण त्यांच्या प्रकल्पात हा घोळ वारंवार आढळतो. बाजारात सहज मिळणारा ३० अँपिअरचा स्वस्त ईएससी बहुधा ड्रोन किंवा विमानाचा असतो. त्याला ट्रिगरचे न्यूट्रल मधोमध असते हे ठाऊक नसते. तो थ्रॉटल अगदी तळाशी येण्याची वाट पाहतो. बंदुकीच्या आकाराच्या रिमोटवर मोकळा सोडलेला ट्रिगर तळाशी न जाता मधोमध थांबतो, म्हणून हा ईएससी बीप देत बसतो. तो नादुरुस्त नाही, चुकीच्या गाडीत आहे. त्याला रिव्हर्स नसतो आणि गाडीला लागतो तसा ब्रेकही नसतो. त्याच्यावर वेळ घालवू नये.

बॅटरी

स्टीअरिंग चालते, पण जोर लावताच मोटर बंद पडते, या लक्षणात पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. त्यातही सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे ईएससीवर बॅटरीचा प्रकार कोणता निवडला आहे हे पाहणे. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारख्या ब्रश मोटरच्या ईएससीवर त्यासाठी एक छोटी जंपर पिन असते. इतरांत ते प्रोग्राम कार्डाने किंवा बटणाने ठरते. ७.२ व्होल्टचा सहा सेलचा निकेल पॅक लावून सेटिंग लाइपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) राहिले, तर भाराखाली दाब थोडा उतरताच ईएससी बॅटरी संपली असे समजतो आणि पॅक अर्धा भरलेला असताना गाडी थांबवतो. उलटी चूक अधिक महाग पडते. लाइपो लावून सेटिंग निकेलवर राहिले, तर ईएससी वेळेवर थांबतच नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातात आणि पॅक फुगतो.

लाइपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट आणि दोन सेलचा पॅक ८.४ व्होल्ट दाखवतो. आपल्याकडे भारनियमनामुळे यात एक गोम आहे. चार्जिंग चालू असताना वीज गेली आणि परत आली, की बहुतेक बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारे चार्जर) पुन्हा मुख्य मेनूवर येऊन गप्प उभे राहतात. ते सोडलेले काम आपोआप पुढे नेत नाहीत. सकाळी पॅक काढणाऱ्याला तो रात्रभर चार्ज झाला असे वाटते, प्रत्यक्षात तो निम्म्यावर असतो. म्हणून मैदानावर जाण्याआधी मीटरने किंवा छोट्या सेल चेकरने दाब मोजावा, वेळेचा अंदाज धरू नये.

एकूण दाब बरोबर असूनही पॅक आजारी असू शकतो, आणि ईएससीला ते दिसत नाही, कारण तो फक्त बेरीज पाहतो. दोन सेलच्या पॅकला ६.४ व्होल्टवर तोडण्याची मर्यादा असेल, तर त्याला ३.२ आणि ३.२ सारखेच दिसतात जसे ३.६ आणि २.८. म्हणून गाडी थांबल्यावर लगेच बॅलन्सच्या पांढऱ्या कनेक्टरवर प्रत्येक सेल वेगळा मोजावा. दोन सेलमध्ये दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक वारंवार पडत असेल, तर तो पॅक गाडीसाठी संपला. पॅकची ताकदही पाहावी: ५००० एमएएच आणि २५ सी असे छापलेले असेल, तर कागदावर तो ५ गुणिले २५, म्हणजे १२५ अँपिअर देऊ शकतो, पण स्वस्त पॅकवर छापलेला सीचा आकडा फार मनावर घेऊ नये. दुसऱ्याचा चांगला पॅक पाच मिनिटांसाठी मागून लावून पाहणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

गाडी मध्येच थांबू नये म्हणून कमी दाबाची मर्यादा बंद करून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. त्याने गाडी थांबत नाही हे खरे, पण पॅक मरतो, आणि जास्त उतरलेला लाइपो पुन्हा चार्ज करताना पेट घेऊ शकतो.

धूळ, कापूस आणि ऊन

मराठवाड्यात आरसी गाडी चालवणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या मथळ्याखाली येतात, आणि परदेशात छापलेल्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख नसतो.

काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असते. ती ईएससीवरच्या लहान पंख्याच्या बेअरिंगमध्ये शिरते, ओठावरच्या मिशीसारखी पात्यांच्या कडेला साचते आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधली जागा भरून टाकते. पंखा फिरताना दिसतो, पण हवा खालपर्यंत पोहोचत नाही. जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या रंगाच्या कुंचल्याने ती झाडावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल, तर लांबून मारावी आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. मोकळा पंखा त्या जोराने इतका वेगाने फिरतो की त्याचे बेअरिंग निकामी होते. नळाखाली धुणे तर टाळावेच. ईएससीवर वॉटरप्रूफ असे छापलेले असले, तरी ते आश्वासन त्याच्या सेन्सरच्या सॉकेटला, रिसीव्हरला किंवा कनेक्टरला लागू नसते.

वेचणीच्या दिवसांत, विशेषतः सेलू, मानवत आणि परभणीकडील जिनिंगच्या आसपासच्या मोकळ्या जागांत गाडी चालवली, तर कापसाचे तंतू मोटरच्या शाफ्टभोवती गुंडाळले जातात. ते पिनियनच्या (शाफ्टवरच्या लहान दातेरी चाकाच्या) मागे, मोटरचे तोंड आणि पिनियन यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत बसतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. पिनियनचा बारीक स्क्रू अ‍ॅलन कीने सैल करून पिनियन बाहेर ओढला की आत काळपट, तेलकट, घट्ट वळलेले वेटोळे सापडते. ते चिमट्याने टोक धरून उलट्या दिशेने उलगडावे. ब्लेडने कापू नये, कारण ब्लेड मोटरच्या सीलपर्यंत जाते. चाकांच्या अ‍ॅक्सलवरही हेच पाहावे. ही गुंडाळी सतत ओढलेल्या ब्रेकसारखी वागते, मोटर जास्त वीज खेचते आणि ईएससी तापून थांबतो. पिनियन काढलेलाच आहे, तर चाके हाताने फिरवून गाडी मोकळी चालते का तेही पाहावे. परत बसवताना पिनियन आणि स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळावी आणि मग पट्टी फिरवून काढावी. दातांमध्ये योग्य तेवढी मोकळीक उरते. घट्ट बसवलेले गिअर कापसाइतकेच तापवतात.

आता उन्हाचा हिशेब. ईएससी हवेच्या तापमानापेक्षा किती अंश वर जातो, हे गाडीच्या वजनावर, गिअरवर आणि चालवण्याच्या पद्धतीवर ठरते, आणि तो फरक साधारण तसाच राहतो. डिसेंबरात २५ अंशांच्या हवेत जो ईएससी ८५ अंशांवर स्थिरावतो, तो हवेपेक्षा ६० अंशांनी वर असतो. तोच मे महिन्यात ४२ अंशांच्या हवेत १०२ वर जाईल. बहुतेक ईएससी १०० अंशांच्या आसपास स्वतःला थांबवतात. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना, काहीही बदललेले नसताना, हिवाळ्यात निर्दोष असलेली गाडी उन्हाळ्यात थांबू लागते. त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संध्याकाळी चालवणे. त्यानंतरचा उपाय म्हणजे पिनियनचे दात एक-दोनने कमी करणे. लहान पिनियनने गाडीचा कमाल वेग थोडा घटतो, पण मोटरवरचा भार आणि वीज दोन्ही उतरतात. बॉडीच्या मागच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी भोक ठेवावे. पुढून हवा आत येते पण बाहेर जायला वाट नसते, अशी बॉडी पत्र्याच्या खोलीसारखीच तापते.

तापमान मोजण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरावा. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ताप मोजण्याचा थर्मामीटर शरीराच्या तापमानाच्या पलीकडे फक्त ‘हाय’ दाखवतो. त्यावर वस्तूचे तापमान मोजण्याची वेगळी सोय असेल तरच तो उपयोगी आहे. मोटर ८० अंशांच्या पुढे जाऊ लागली, तर धावणे थांबवावे, कारण ब्रशलेस मोटरमधील निओडिमियम चुंबक अति तापल्यास कायमचे कमजोर होतात. कमजोर चुंबकाची मोटर तोच वेग राखायला आणखी वीज खेचते, आणि मग ईएससी आणखी तापतो.

जोडण्या आणि स्विच

स्टीअरिंगसह सगळे बंद पडत असेल, तर हा भाग वरच्या दोन भागांच्या आधी करावा.

ईएससीला बारीक दोन-तीन तारांनी जोडलेला प्लॅस्टिकचा स्विच हा संपूर्ण गाडीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अविश्वासू भाग आहे. गाडी चालू ठेवून तो बोटाने हलकेच हलवावा. दिवा लुकलुकला किंवा सर्वो दचकला, तर दोष सापडला. आत धूळ गेलेली असते आणि खडबडीत जमिनीवर प्रत्येक उडीला संपर्क तुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करावा. शिलाई मशीनचे तेल घालू नये, ते धूळ धरून ठेवते. दोष तरीही राहिला, तर स्विच बदलावा.

मुख्य कनेक्टरची तपासणी हाताने होते. पाच मिनिटे गाडी चालवून बॅटरीची जोडणी चिमटीत धरावी. तारेपेक्षा कनेक्टर जास्त गरम लागत असेल, तर संपर्क खराब आहे आणि बॅटरीचा दाब तिथेच खर्च होत आहे. जुन्या पांढऱ्या टॅमिया कनेक्टरच्या कडा तपकिरी झालेल्या किंवा थोड्या वितळलेल्या दिसल्या, तर दुसरा विचार न करता एक्सटी६० प्रकारचा कनेक्टर लावावा. मोटरच्या तिन्ही तारांवरचे पितळी बुलेट कनेक्टर सैल झाले असतील, तर त्यांच्या फाकी ब्लेडच्या टोकाने किंचित पसरवाव्यात. तीनपैकी एखादी तार जरी नीट जोडलेली नसेल, तर ब्रशलेस मोटर फिरत नाही, जागेवर थरथरते. अशा स्थितीत ट्रिगर ओढत राहणे म्हणजे चांगला ईएससी जाळणे. सोल्डरचा सांधा निस्तेज, दाणेदार आणि गोळ्यासारखा दिसत असेल, तर तो कच्चा आहे. जाड तारेला मोबाइल दुरुस्तीची बारीक सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. किमान ६० वॉटची आणि रुंद टोकाची लागते.

नवा पॅक किंवा नवा कनेक्टर पहिल्यांदा जोडण्याआधी मीटरने धन आणि ऋण तपासावेत. उलटी जोडणी झाली, तर ईएससी त्याच क्षणी जातो, आणि त्याच्यातली कोणतीही संरक्षणव्यवस्था त्यापासून वाचवत नाही. योग्य जोडणी करतानाही एक छोटी ठिणगी पडते, ती कॅपॅसिटर भरत असल्याची असते आणि तिच्यात काळजीचे कारण नसते.

सर्वो आणि बीईसी

स्विच आणि कनेक्टर निर्दोष असूनही स्टीअरिंग जात असेल, तर सर्वोची तार रिसीव्हरमधून काढून गाडी ठोकळ्यावर चालवावी. दोष नाहीसा झाला, तर सर्वो बीईसीला झेपत नाही. २ अँपिअरच्या बीईसीवर मोठा, धातूच्या गिअरचा डिजिटल सर्वो लावला आणि चाक दगडाला अडले, की सर्वो त्याहून जास्त वीज मागतो, रिसीव्हरचा दाब पडतो आणि तो नव्याने सुरू होतो. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर सर्वो गुणगुणत असेल, तर तो टोकाला अडून ताकद लावत आहे. रिमोटवर स्टीअरिंगची टोके कमी करावीत, त्याला पैसे लागत नाहीत. एवढ्याने भागले नाही, तर स्वतंत्र बीईसी लावावा. तसे करताना ईएससीकडून रिसीव्हरकडे जाणारी मधली लाल तार काढून टेप लावून ठेवावी, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी भांडत नाहीत.

ब्रश मोटरच्या गाडीत स्टीअरिंग दचकत असेल, तर मोटरच्या पाठीवर ‘१०४’ छापलेले वाटाण्याच्या डाळीएवढे कॅपॅसिटर जागेवर आहेत का ते पाहावे. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट ते गिळतात.

मोटर की ईएससी

येथपर्यंत दोष सापडला नाही, तर दोघांपैकी कोण हे ठरवावे लागते. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी हळू सुरू करताना थोडी खडखडतेच, कारण रोटर (मोटरचा फिरणारा भाग) स्थिर असताना तो कुठे आहे हे ईएससीला कळत नाही. ते दोष मानू नये. सेन्सर असलेली मोटर खडखडू लागली, तर सहा पिनांची बारीक सेन्सर केबल आधी बदलावी. तिच्या तारा सॉकेटपाशीच तुटतात. सेन्सरच्या मोटरमध्ये ए, बी, सी या तारा त्याच अक्षरांना जोडाव्यात. दिशा बदलण्यासाठी दोन तारांची अदलाबदल फक्त सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये करतात.

मोटरची परीक्षा मीटरशिवाय होते. ती ईएससीपासून पूर्ण सोडवावी, तीनपैकी कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवाव्यात आणि शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो जड लागतो. तिन्ही जोड्यांमध्ये जडपणा सारखाच हवा. एखाद्या जोडीत शाफ्ट मोकळा फिरत असेल, तर आतले वेटोळे किंवा तार तुटलेली आहे. साध्या मल्टिमीटरने या वेटोळ्यांचा रोध मोजायला जाऊ नये; तो इतका कमी असतो की मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो.

ईएससीसाठी बॅटरी काढून पाच मिनिटे थांबावे, मोटर सोडवावी आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. बॅटरीची काळी तार आणि मोटरची एक-एक तार, मग बॅटरीची लाल तार आणि मोटरची एक-एक तार, असे दोन्ही दिशांनी मोजावे. तिन्ही तारांचे आकडे जवळपास सारखे आले, तर आतले मॉस्फेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारे घटक, बहुधा शाबूत आहेत. एखाद्या तारेवर शून्याजवळचा आकडा आणि बीप आली, तर तो मॉस्फेट शॉर्ट झाला आहे. अशा ईएससीला पुन्हा बॅटरी लावू नये.

कुठे थांबावे

मॉस्फेट शॉर्ट निघाला, ईएससीच्या कॅपॅसिटरचे डोके फुगले, जळका वास आला किंवा चिखलाचे पाणी आत गेले, तर घरचे काम येथे संपते. वॉरंटी चालू असेल, तर पेटीचा एकही स्क्रू उघडू नये आणि विक्रेत्यामार्फत कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवावे. वॉरंटी संपलेली असेल, तर मॉस्फेट बदलणे हे हॉट एअर वापरता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचे काम आहे. मोबाइल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात ते यंत्र असते, पण मॉस्फेटचा अचूक क्रमांक आपण शोधून द्यावा लागतो आणि एक गेला असेल तर शेजारचेही अनेकदा अर्धमेले असतात. ब्रश मोटरच्या स्वस्त ईएससीवर एवढा खर्च करू नये, सरळ बदलावा. १:८ गाडीच्या (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराच्या) महागड्या ईएससीच्या बाबतीत मात्र विचारून पाहण्यात अर्थ आहे.

फुगलेला, टोचला गेलेला किंवा गोडसर रासायनिक वास येणारा लाइपो कोणीही दुरुस्त करत नाही. तो चार्ज करू नये, दाबू नये, घंटागाडीत टाकू नये. वाळूच्या बादलीत, घराबाहेर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा. मिठाच्या पाण्यात बुडवून तो निर्धोक होतो, या समजुतीवर विसंबू नये.

तंत्रज्ञाकडे किंवा सेवाकेंद्राकडे ईएससी देताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: मोटरचा केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) किंवा टर्नचा (वेढ्यांचा) आकडा, बॅटरीचे सेल, पिनियन आणि स्पर गिअरचे दात, गाडीचे वजन, थांबण्याआधी ती किती मिनिटे चालते आणि त्या वेळी स्टीअरिंग चालते की नाही. दिव्याचे चित्रण असेल तर तेही द्यावे. मोटर शक्यतो सोबतच पाठवावी, कारण तिच्या वेटोळ्यात शॉर्ट असेल, तर दुरुस्त होऊन आलेला ईएससी पहिल्याच ट्रिगरला पुन्हा जातो.